कूमडफचे छप्पर

रविवार, २३ ऑगस्ट २०२० रोजी सुनेत्रा बोऱ्हाडे हिने आठ पाकिटांत मिळून एक हजार नऊशे वीस युरो घातले आणि कूमडफ खोऱ्यातल्या आठ घरी ती पाकिटे स्वतः नेऊन टाकली. माणशी दिवसाला ऐंशी, तीन शनिवारांचे दोनशे चाळीस. पैसे तिच्या पदरचे होते. आमच्या क्लबचा खजिनदार मी. तरी मला हे नंतर कळले. आधी कळले असते तरी मी अडवले नसते, कारण काम झाल्याबरोबर पैसे चुकते करावेत, हेच आम्ही कॉमर्सवाले शिकलो.

पुढच्या शनिवारी खोऱ्यातला एकही माणूस कामावर आला नाही.

काम कोणते ते आधी सांगतो. कॉर्क परगण्याच्या पश्चिम टोकाला, बेअरा द्वीपकल्पातल्या डोंगरात आमच्या हार्बर हिलवॉकर्स क्लबचा एक दगडी निवारा आहे. १९५८ साली कॉर्क शहरातले चौघे जण, म्हणजे दोन बँकेतले कारकून, एक शाळामास्तर आणि एक खाटीक, स्वित्झर्लंडला डोंगर चढायला गेले. आल्प्समध्ये गिर्यारोहकांसाठी बांधलेले निवारे पाहून ते इतके भारावले की परत येताच तसाच एक आपल्याकडे उभारायला घेतला. दगड इथल्याच डोंगरातले. छप्पर मात्र हुबेहूब तिकडच्यासारखे, उंच आणि उभ्या उताराचे, बर्फ घसरून जावा म्हणून. कूमडफमध्ये बर्फ पडलाच तर दुपारपर्यंतही टिकत नाही. खोऱ्यातले शेतकरी पोट धरून हसले. लांबून चर्चसारखे दिसते म्हणून त्यांनी त्याला 'चॅपल' हे नाव ठेवले, आणि हसत हसत सगळे लाकूड आपल्याच गाढवांवर लादून वर नेऊन दिले. तेव्हापासून साठ वर्षे त्या चॅपलने डोंगरात अडकलेल्यांना आसरा दिला. त्याला कुलूप कधीच नव्हते.

फेब्रुवारी २०२० च्या वादळात ते छप्पर उडाले. चौघांनी ते भिंतींवर नुसते बसवले होते, भिंतींशी बांधले नव्हते. बर्फाचा विचार त्यांनी पुरेपूर केला होता, वाऱ्याचा केला नव्हता. छपराचा अर्धा भाग खालच्या तळ्यात सापडला.

त्याच्या आदल्याच महिन्यात, जानेवारीत, क्लबने सुनेत्राला निवाऱ्याची प्रमुख नेमले होते.

पेच असा होता की जमीन क्लबची नाही. ती डब्लिनमधल्या एका कुटुंबाची, आणि जुन्या भाडेकरारात एक कलम आहे: सलग दोन हिवाळे छप्पर नसेल तर जागा मालकाकडे परत जाईल. सध्याच्या मालकाला त्या उतारावर झाडे लावून लाकडाचे जंगल करायचे होते. त्याने सभ्य भाषेत पत्र पाठवून ते कलम आम्हाला दाखवून दिले. दुसरा हिवाळा १ नोव्हेंबर २०२१ ला सुरू होणार होता. म्हणजे आमच्या हाती दोन उन्हाळे, आणि तेही करोनाचे.

लाकूड, लोखंड आणि छपरावर कौलांसारख्या बसवायच्या दगडी स्लेट यांपुरते पैसे क्लबकडे होते. ठेकेदाराला द्यायला नव्हते. गाडीरस्ता नोरीन हॅरिंग्टन या मेंढपाळ बाईंच्या अंगणात संपतो. तिथून वर दलदलीतली पायवाट. सामान वर जाणार ते खोऱ्यातल्या लोकांच्या क्वाडवरून, म्हणजे जाड चाकांच्या त्या छोट्या गाड्यांवरून, नाहीतर खांद्यावरून. आणि छपराचे लाकूडकाम येणारा माणूस खोऱ्यात एकच, टिम लिंच. मेंढ्या पाळतो, पण हात सुताराचा.

समितीच्या ऑनलाइन बैठकीत कुणीतरी म्हणाले, जाऊ द्या, साठ वर्षे चालले हेच खूप. सुनेत्राने म्यूट काढून सांगितले, "माझ्या वर्षात चॅपल गेलं, असं कुणी म्हणता कामा नये. मी बघते."

मी तिला बारा वर्षे ओळखतो. वडील चिंचवडच्या कारखान्यात फोरमन, आजोळ अकोले तालुक्यातले. कॉलेजात असताना तिने सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायांखाली घातले. आता ती रिंगास्किडीला औषधाच्या कारखान्यात आहे. एखादे यंत्र चालते असे कुणी म्हटले की ते खरोखर चालते का हे तिने तीनदा चालवून, सिद्ध करून द्यायचे, अशी तिची नोकरी. तिचा नवरा इंद्रनील म्हणतो, "आमच्याकडे पोळी फुगली, तर तिला तीनदा फुगून दाखवावं लागतं. मग ती पास."

तर २९ ऑगस्टच्या त्या शनिवारी आम्ही क्लबचे सहा जण नोरीनच्या अंगणात उभे राहिलो आणि आमच्याशिवाय कुणी नव्हते. थोड्या वेळाने नोरीन बाहेर आली. सत्तरीला टेकलेली, गमबूट घातलेली उंच बाई. हातात बिस्किटांचा डबा. तिने तो कुंपणाच्या दगडी भिंतीवर ठेवला आणि त्या दिवसांच्या शिरस्त्याप्रमाणे दोन मीटर मागे सरकली.

"हे तुझं," ती सुनेत्राला म्हणाली.

डब्यात आठ पाकिटे होती.

"नोरीन, कमी वाटले का? मी सध्याचा दर बघूनच..."

"कमी?" नोरीन हसली नाही. "पोरी, काल टिम लिंच आला होता माझ्याकडे. बहात्तर वर्षांचा माणूस. म्हणाला, आपल्याला कामावरून काढलं वाटतं."

"काढलं? अहो, मी तर आभार मानले!"

"हिशेब मिटवलास ना? हिशेब मिटला की माणूस घरी जातो." ती आत गेली आणि दार लागले.

त्या दिवशी आम्ही सहा जणांनी स्लेट खांद्यावरून वर नेल्या. दुपारपर्यंत जेवढ्या गेल्या, तेवढ्या टिमच्या क्वाडच्या एका खेपेत गेल्या असत्या. उतरताना सुनेत्रा म्हणाली, "हरीशदादा, शंभर द्यायला हवे होते का?"

मी विचार करून म्हणालो, "मला वाटतं, रोख द्यायला नको होते. बँकेत भरायचे."

कळले दोघांनाही नव्हते.

कळले ते रात्री आईच्या फोनवर. सुनेत्राची आई मार्चमध्ये एका लग्नासाठी माहेरी अकोल्याकडे गेली होती ती टाळेबंदीत तिथेच अडकली होती, आणि इतक्या महिन्यांत तिची बोली पुन्हा माहेरची झाली होती. तो संवाद सुनेत्राने मला पुढे आईच्याच आवाजात ऐकवला.

"काय? शेजाऱ्यांना पैसं? आन् ते बी पाकिटात घालून, लग्नातल्या आहेरावानी?"

"अगं, तीन शनिवार राबले ते."

"मंग तू कुठं राबलीस त्यांच्याकडं?"

"मी?"

"मंग कोन, मी? तुझ्या मामाच्या भातलावणीला औंदा अख्खी वाडी आली व्हती. तोंडाला फडकी बांधून आली, पन आली. मामानं पाकिटं वाटली व्हय? आता तुझी मामी रोज कुनाच्या ना कुनाच्या वावरात कंबर मोडून घेतीय. सावड म्हनत्यात त्याला. ल्हानपनी तू बी चिखलात उतरली व्हतीस. लई शिकलीस आन् इसरलीस."

"आई, हे आयरिश लोक आहेत गं."

"मंग? त्यास्नी कंबर न्हाय?"

आयरिश भाषेतही सावडीला शब्द आहे, हे सुनेत्राला नंतर कळले. मेहल म्हणतात. एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचे, मग सगळ्यांच्या कामाला त्या एकाने. १९५८ साली ती गाढवे वर गेली तीही मेहलवरच. चौघांतला खाटीक दर शरद ऋतूत खोऱ्यात येऊन घरोघरची डुकरे कापून देत असे. क्लबच्या इतिहासात आम्ही गाढवांचे कौतुक लिहून ठेवले आहे, डुकरांचे काही लिहिलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा नोरीनच्या अंगणात गेली. एकटीने जाणार नाही म्हणाली, म्हणून मी गाडी चालवली.

"नोरीन, चुकलं माझं. मी प्रत्येक घराला तीन दिवस देणं लागते."

नोरीनने तिच्याकडे नीट पाहिले. "आठ घरं. चोवीस दिवस झाले. तुला सुट्टी किती?"

"पंचवीस."

"महिन्याची?"

"वर्षाची."

"म्हणजे नवऱ्याला एक दिवस उरतो." आता ती हसली. "आम्ही काही मोजत नाही हं, पोरी." मग म्हणाली, "विसरत नाही, एवढंच. बरं, तुला येतं काय?"

"औषधाची यंत्रं तपासायला येतात."

"इथे ती नाहीत. खत ओढता येईल?"

तिने खत ओढले. त्या सप्टेंबरात तिने तीन घरी कुंपणाच्या तारा ताणल्या, एका घरी कोकरे विकायला काढताना दोन्ही हात पसरून फाटकात उभी राहिली आणि कोकराने पाडल्यावर पुन्हा उठून उभी राहिली. शनिवारी निवाऱ्यावर पाच जण परत आले, मग सात. टिम आला नाही. "त्याचं सांगता येत नाही," नोरीन म्हणाली. "१९८१ पासून तो सख्ख्या भावाशी बोललेला नाही."

ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने पुन्हा सगळ्यांना घरापासून पाच किलोमीटरच्या आत बसवले. स्लेट आणि दगड वर पोचले होते, भिंती दुरुस्त झाल्या होत्या, वर ताडपत्री बांधली होती. सुनेत्रा कॅरिगलाइनच्या घरात आणि चॅपल दोन तासांच्या अंतरावर. नोरीन दर रविवारी फोन करून ताडपत्रीची खबर देई. जानेवारीत मालकाचे आणखी एक सभ्य पत्र आले. छपराची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत आहे याची आठवण देणारे.

१२ एप्रिल २०२१ ला परगण्याच्या आत फिरायला परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात सुनेत्रा रजा टाकून खोऱ्यात हजर झाली. लाकूड जूनमध्ये येणार होते आणि टिम अजून गप्प होता.

मे महिन्यात ती न बोलावता टिमच्या टर्फच्या पट्टीवर गेली. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखे कापलेले ओले जळण. ते पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभे करावे लागते, म्हणजे वारा खेळून वाळते. कंबर मोडणारे काम. टिम वर आला तेव्हा ती गुडघ्यापर्यंत चिखलात होती.

"कुणी बोलावलं तुला?"

"कुणी नाही."

"मी पैसे देणार नाही."

"रोख नकोच मला," सुनेत्रा म्हणाली. "बँकेत भरा."

टिमचा चेहरा हलला नाही. तो तिने लावलेल्या रांगेच्या कडेने चालत गेला. सगळे ढीग एकाच उंचीचे, एकाच अंतरावर, एकाच कोनात.

"या विटा वाळवायच्यात, की परीक्षेला बसवायच्यात?"

"दोन्ही."

तो खाली बसून स्वतः एक ढीग लावू लागला. तिच्या ढिगापेक्षा तो वाकडा होता आणि दुप्पट वेगाने झाला. बराच वेळ दोघे काम करत राहिले. मग मान वर न करता त्याने विचारले, "लाकूड कधी येतंय?"

त्या रात्री नऊ वाजता सुनेत्राने मला फोन केला. "हरीशदादा, टिमने लाकडाचं विचारलं." एवढेच म्हणाली. पण मी ते वाक्य उभा राहून ऐकले.

जूनमध्ये खोऱ्याच्या सामाईक पाणीयोजनेत बिघाड झाला. पाणी उकळून प्या, अशी नोटीस लागली आणि दुरुस्तीवाल्याची तारीख मिळेना. सुनेत्राने एका रविवारी क्लोरीन सोडणारा पंप उघडला, चोंदलेली नळी साफ केली, झडप बदलली आणि पुढचे काही दिवस येऊन पाण्याचे नमुने घेतले. नोटीस उतरली. हे काम सावडीत कसे धरायचे यावर नोरीनच्या अंगणात वाद झाला.

"बसून केलेलं काम आहे," टिम म्हणाला. "पाव दिवस धरा."

"टिम, तू तीन आठवडे उकळलेलं पाणी पीत होतास!" नोरीन म्हणाली.

"मी चहाच पितो. मला काही फरक पडला नाही."

शेवटी प्रत्येक घरामागे एक दिवस फिटला असे ठरले. इंद्रनीलच्या वाट्याला सुट्टीचे काही दिवस परत आले. ते त्याने जुलैत त्याच खोऱ्यात लोकरीची पोती भरण्यात घालवले. त्यांची मुलगी भार्गवी मेंढ्यांना ओळखीसाठी निळे ठिपके मारायला होती. आईने मराठीतून हाक मारली की ती 'मी मजेत आहे' अशा अर्थाने तिथल्या इंग्रजीतून म्हणे, "आय अ‍ॅम ग्रँड, मॅम!" आणि मेंढीबरोबर स्वतःच्या गालावरही ठिपका मारून घेई.

जुलै ते सप्टेंबर छप्पर चढले. क्लबमधल्या एकाने सुचवले होते की आता उतार कमी करावा, वारा कमी लागेल. नोरीनने विचारले, "मग त्याला चॅपल कोण म्हणेल?" तो विषय तिथेच संपला. उतार तोच ठेवला. वाऱ्याचा बंदोबस्त सुनेत्राने केला: प्रत्येक तुळईवरून लोखंडी पट्टी, आणि पट्टीची टोके भिंतीत खोल गाडलेली. ती गाडल्यावर प्रत्येक पट्टी साखळीच्या पुलीने ओढून पाहायची असा तिचा हट्ट. तीनदा.

"एकदा ओढली. हलली नाही," टिम म्हणाला. "तुझा देवावर विश्वास नाही?"

"देवावर आहे. पट्टीवर नाही."

पहिल्या दिवशी तो वैतागला. दुसऱ्या आठवड्यात मी वर गेलो तेव्हा कुणीतरी दोनदा ओढून पुली सोडायला लागला, तर वरून टिमच ओरडला, "दोनच झाल्या!"

२५ सप्टेंबरला शेवटची स्लेट बसली. खोऱ्यातली आठही घरे वर होती आणि क्लबचे आम्ही. मेहलात ज्याचे काम त्याने जेवण द्यायचे. सुनेत्रा म्हणाली छप्पर माझे, नोरीन म्हणाली अंगण माझे, त्यामुळे हॅमची सँडविचेस आणि बटाटेवडे दोन्ही वर आले. टिमने पाच वडे खाल्ले आणि तिखट आहेत अशी प्रत्येक वड्याला तक्रार केली. सुनेत्रा एकटीच जरा खाली उतरून लांब उभी राहिली होती. मी तिच्याजवळ गेलो. उभ्या उताराचे ते काळसर छप्पर ढगांखाली दिसत होते, त्याच जागी, त्याच आकाराचे.

"चर्चसारखंच दिसतं की," ती म्हणाली.

मी आयुष्यभर इतरांच्या कारखान्यांचे हिशेब लिहिले, एकही वस्तू उभी केली नाही. त्या दिवशी माझ्या खांद्यावरून वर गेलेल्या स्लेट कोणत्या कोपऱ्यात बसल्या हे मी टिमला विचारून घेतले.

मालकाने पाहणीसाठी माणूस पाठवायला मात्र १९ ऑक्टोबर उजाडला. करारात "छप्पर व दार बंद होणारी इमारत" असे शब्द होते, आणि जुने दार दीड वर्ष पावसात भिजून फुगले होते. ते बंद होत नाही हे नोरीनने फोन करून सांगितले आदल्या सकाळी. सुनेत्रा कारखान्यात, मी कॉर्कमध्ये. तिने टिमला फोन केला. तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वारा असा होता की चालताना वाकावे लागत होते. मालकाच्या सर्व्हेअर बाई नखशिखांत भिजून वर पोचल्या. निवाऱ्याला कोऱ्या फळ्यांचे नवे दार होते. बाईंनी ते लोटले, आत आल्या, आणि ते मागे एका बोटाने मिटले. बाहेरचा आवाज थांबला. त्या बाकावर बसल्या, मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. कुठेही थेंब नव्हता.

"या वाऱ्यात हलत नाही?" त्यांनी विचारले.

"आम्ही हलवून पाहिलंय," सुनेत्रा म्हणाली. "हललं नाही."

बाईंनी फोटो काढले, सही केली, आणि निघायची घाई न करता चहा घेतला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालकाचे तिसरे पत्र आले. तेही सभ्य होते. भाडेकरार पूर्वीप्रमाणे चालू राहील.

आठही घरांचे सर्व दिवस सुनेत्राने वर्षअखेर फेडले. दार बसवायला टिम लिंच यांचा एक दिवस गेला. मेंढ्यांना औषध पाजायच्या वेळी बोलावतो, असे ते म्हणाले होते. अद्याप बोलावलेले नाही. तो एक दिवस देणे बाकी आहे.